राख, रिठा व चिंच : निर्धोक घरगुती स्वच्छता-साधने

शेतकऱ्याच्या घरी भांडी व कपडे स्वच्छ ठेवण्यास लागणारी पुष्कळशी साधने घरीच तयार होऊ शकतात. रायगड जिल्ह्यातील तळा तालुक्यासारख्या भातशेतीच्या प्रदेशात राख, तूस, चिंच, आमसूल व नारळाचा काथ्या सहज मिळतो. बाजारातील तीव्र आम्ल किंवा फिनेल मात्र शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवल्यास लहान मूल ते सरबत समजून पिण्याचा धोका असतो. म्हणून कोणता मळ कोणत्या घरगुती पदार्थाने निघतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

१. राख.— लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा क्षार असतो. त्यामुळे तेलकटपणा सुटतो. तुसाच्या राखेत सिलिका अधिक असल्याने ती घासण्यास उपयोगी पडते. राख चाळून, ओलसर करून काथ्याने भांडी घासावीत. ॲल्युमिनियमच्या भांड्यांस राख लावू नये. क्षाराने ती काळवंडतात. ज्या चुलीत प्लॅस्टिक जाळले असेल, तिची राख घेऊ नये.

२. रिठा.— रिठ्याच्या गरात सॅपोनिन हा फेस आणणारा पदार्थ असतो. दहा-बारा फळांच्या बिया काढून टाकाव्यात. साली एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी पंधरा-वीस मिनिटे उकळाव्यात, कुस्करून गाळाव्यात. हे पाणी रेशमी व लोकरी कपड्यांस विशेष मानवते. ते टिकत नाही. दोन-तीन दिवसांत संपवावे. डोळ्यांत जाऊ देऊ नये.

३. चिंच व आमसूल.— तांब्या-पितळेवरील काळा थर आंबट पदार्थाने विरघळतो. भिजविलेली चिंच किंचित मीठ लावून चोळावी आणि भांडे लगेच भरपूर पाण्याने धुऊन कोरडे करावे. कल्हई नसलेल्या भांड्यात आंबट पदार्थ साठवू नयेत.

४. खाण्याचा सोडा.— ओलसर सोड्याने मोरीचा व डब्यांचा वास जातो. सोडा व लिंबू एकत्र करून ठेवू नयेत. फेस येतो खरा, परंतु दोघेही एकमेकांचा गुण नाहीसा करतात. ते निरनिराळ्या वेळी वापरावेत.

घ्यावयाची काळजी.— (अ) रिठ्याचे पाणी माशांस विषारी असते. ते ओढ्यात, तळ्यात किंवा खाडीत सोडू नये. झाडाच्या आळ्यातही थोडेच टाकावे. विहिरीच्या काठावर कोणतेही धुणे-भांडी करू नयेत.

(आ) वरील साधनांनी मळ निघतो. रोगजंतू मरतीलच असे नाही. पिण्याच्या पाण्याचे शुद्धीकरण ब्लीचिंग पावडरीने किंवा उकळूनच करावे. राख व चिंच हा त्याला पर्याय नव्हे.

(इ) ब्लीचिंग पावडरीत आम्ल, लिंबू किंवा संडास धुण्याचे द्रव कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन हा घातक वायू निघतो.

(ई) मुलाने आम्ल प्याल्यास त्याला वांती करवू नये. बाटली बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालयात न्यावे.

ग्रामीण कार्यकर्त्यांनी महिला मंडळाच्या बैठकीत राख व रिठ्याचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. त्याच वेळी घरोघरीच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावून त्या मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी, कुलपात ठेवण्यास सांगावे. स्वच्छतेच्या साधनानेच घरात अपाय होऊ नये, ही दक्षता प्रथम होय.