द्राक्षाचे कोणते पान पिवळे?

दारव्ह्याकडची जमीन बहुतेक काळी. कापूस, तूर तिच्यात येते. द्राक्ष काही इकडचे मोठे पीक नव्हे. पण न्हाणीच्या पाण्यावर अंगणात एखादी वेल मांडवावर चढवता येते. तिची पाने पिवळी पडली की आपण काय करतो? युरियाची मूठ टाकतो. पंधरा दिवसांनी पाहावे, तर पान तसेच! खतही गेले, पैसाही गेला.

म्हणून आधी एवढेच पाहा. पिवळे पान कुठे आहे? खाली की शेंड्याला?

नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम ही वेलीत फिरणारी द्रव्ये. ती कमी पडली की वेल जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देते. घरात धान्य सरत आले की म्हातारी माणसे आपल्या ताटातले लेकरांपुढे सारतात ना, तसेच हे. म्हणून खालची पाने आधी पिवळी पडतात. सगळे पान सारखे फिके असेल तर नत्र कमी. कडा करपल्या तर पालाश कमी. पण खाऱ्या पाण्यानेही कडा करपतात बरं! जुन्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, तर मॅग्नेशियम.

लोहाचे तसे नाही. ते जिथे बसले तिथून फारसे हलत नाही. म्हणून शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरांची बारीक जाळी हिरवी राहते. काळ्या जमिनीत हे पुष्कळदा दिसते. मातीत लोह भरपूर असते, पण चुनखडी ते मुळांना मिळू देत नाही. पाणी तुंबले तर आणखी बिघडते. वावरातला पांढरा खडा कुटा, त्यावर लिंबू पिळा. फेस आला तर ती चुनखडी.

अशा वेलीला युरिया नको. आधी न्हाणीचे पाणी दुसरीकडे वळवा. मग १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम हिराकस विरघळवून, ऊन उतरल्यावर एकाच फांदीवर फवारा. फ्रान्समध्ये यूसेब ग्री यांनी १८४०च्या दशकातच लोहाच्या क्षाराने पिवळी पाने हिरवी करून दाखवली होती. हिराकस मातीत टाकू नका, चुनखडी तेही अडकवते. घडांवर उडू देऊ नका, डाग पडतात. उरलेले हिराकस लेकरांच्या हाती लागता कामा नये, ते पोटात गेले तर विष आहे.

आठ-दहा दिवसांनी ती फांदी हिरवी दिसू लागली, तर बाकीची वेल फवारा. नाही दिसली, तर माती तपासायला द्या.