शाळेच्या गायकवृंदासाठी शिक्षकांची तयारी



स्नेहसंमेलन जवळ आले, बालदिन आला किंवा नाताळचा कार्यक्रम ठरला की शाळेच्या स्टाफरूममध्ये एक प्रश्न हमखास येतो, "यंदा गाण्याचे कोण बघणार?" प्रश्न ऐकताच माना खाली जातात. शेवटी जिचा आवाज बरा आहे, किंवा जी नुकतीच रुजू झाली आहे, त्या बाईंच्या गळ्यात हे काम पडते. बाई गणित उत्तम शिकवतात, परंतु पन्नास मुलांना एका सुरात गायला कसे लावायचे हे त्यांना डी.एड.मध्ये कोणी शिकवलेले नसते. मग "मोठ्याने म्हणा!" हे एकच शस्त्र हाती उरते, आणि मुले ओरडू लागतात.

जऊळक्यासारख्या गावात ही अडचण अधिक जाणवते. अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावर आपले गाव असले तरी गाडीतून संगीत शिक्षक काही उतरत नाही! लहान धर्मग्रामांत बहुधा एखाद्या सिस्टर कीबोर्ड वाजवणाऱ्या असतात, किंवा एखादे सर पेटी जाणणारे असतात. त्यांच्यामुळे चार-पाच वर्षे शाळेत आणि चर्चमध्ये गाणे बहरते. पुढे त्यांची बदली होते, आणि त्यांच्याबरोबर गाणेही गाव सोडते. मुले तीच, गाणी तीच, परंतु पहिला सूर देणारे कोणी राहत नाही. म्हणून एका हुशार माणसावर विसंबण्यापेक्षा शाळेतील तीन-चार साध्या शिक्षकांना तयार करावे, असे माझे मत आहे.

चर्चनेही हे फार पूर्वी ओळखले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी पवित्र उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्याच्या ११५ व्या परिच्छेदात सेमिनरी आणि नवशिक्यांच्या मठांबरोबरच कॅथोलिक शाळांमध्येही संगीताच्या शिक्षणाला मोठे महत्त्व द्यावे असे म्हटले आहे, आणि त्यासाठी शिक्षकांची काळजीपूर्वक तयारी करून घ्यावी असेही सांगितले आहे. शिक्षकांचा हा उल्लेख आपण सहसा वाचत नाही. ११९ वा परिच्छेद तर आपल्यासाठीच लिहिल्यासारखा वाटतो. ज्या लोकांची स्वतःची संगीत परंपरा आहे, तिला शाळेत आणि उपासनेत वाव मिळावा, आणि मिशनऱ्यांनी त्यासाठी आवश्यक ते शिक्षण घ्यावे, असा त्याचा आशय आहे.

आता आपली परंपरा पाहू. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील मोझरीहून खंजिरी भजन आणि सामुदायिक प्रार्थना विदर्भाच्या गावागावांत नेली. संगीताची परीक्षा न दिलेले शेतकरी आणि मजूर रोज संध्याकाळी एका सुरात बसू लागले. आपल्या भागात पोवाडा म्हणणाऱ्या शाहिराच्या मागे झीलकरी असतात, दिंडीत विणेकऱ्याच्या मागे टाळकरी असतात, आणि तांड्यांवर बाया एकमेकींचा सूर धरून गातात. समूहगान आपल्याला परके नाही. एकाने ओळ म्हणायची आणि इतरांनी ती उचलायची, ही पद्धत शाळेतील शिक्षकाला आयतीच मिळालेली आहे.

शाळांमध्येही असे प्रयत्न झाले आहेत. संगीतकार वसंत देसाई (१९१२-१९७५) यांनी 'एक सूर एक ताल' या उपक्रमातून महाराष्ट्रातील शाळकरी मुलांना मोठ्या संख्येने एकत्र गायला लावले. १९८० च्या दशकात एनसीईआरटीने सामूहिक गायनाची मोहीम हाती घेतली, तेव्हा शिक्षकांची शिबिरे भरवली, त्यांना निरनिराळ्या भारतीय भाषांतील गाणी शिकवली आणि मग शाळेत परत पाठवले. गोव्यात त्याच्या कितीतरी आधीपासून धर्मग्रामाच्या शाळेतील मेस्त मुलांना आधी स्वरांची ओळख करून देई आणि मगच चर्चमधील गाणे शिकवी. गोव्याचे इतके वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले, त्यांच्यातील कितीतरी जणांचा पाया अशाच शाळांत घातला गेला होता. युरोपात अकराव्या शतकात ग्विदो नावाच्या बेनेडिक्टाईन संन्याशानेही हेच केले. नवे गाणे पाठ करायला गायकांना फार काळ लागतो हे पाहून त्याने संत योहान बाप्तिस्ताच्या एका स्तोत्राच्या ओळींमधून स्वरांची नावे घेतली. आजचे डो-रे-मी तिथूनच आले. आपला सा-रे-ग-म तर घरचाच आहे, तो वापरावा.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. शिक्षकाला धीर कशाने येतो? माझ्या मते तो गोड गळ्याने येत नाही, मुलांचा आवाज कुठे बसतो हे कळल्याने येतो. शाळेतले गाणे बिघडते ते बहुतेक वेळा पट्टीमुळे. पुरुष शिक्षक आपल्या सोयीच्या पट्टीत, म्हणजे समजा काळी एकमध्ये, सुरुवात करतात. त्यांचा आवाज मुलांच्या आवाजापेक्षा एक सप्तक खाली असतो. जाणती मुले आपोआप वरच्या सप्तकात गातात, परंतु लहान मुले सरांचा तोच खालचा सूर पकडायला जातात आणि गुरगुरतात. ती बेसूर नसतात, त्यांना चुकीच्या जागी उभे केलेले असते.

सोपा हिशोब असा. प्राथमिक शाळेतील मुलांचा आवाज पेटीवरील मधल्या सप्तकाच्या पांढरी एकपासून वरच्या सप्तकातील पांढरी एक-दोनपर्यंत सहज चालतो. म्हणून गाणे शिकवण्याआधी त्यातील सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर शोधावा. गाणे 'सा'पासून वरच्या 'सां'पर्यंत जात असेल तर 'सा' पांढरी दोनवर धरावा. गाणे खालच्या 'प'पासून मधल्या 'प'पर्यंतच फिरत असेल तर 'सा' पांढरी चारवर न्यावा. सर, तुम्हाला तो उंच वाटेल, तरी घाबरू नका, मुलांना तो उंच नाही. सूर आपल्या गळ्याऐवजी पेटीवर द्या, किंवा ज्या मुलीचा सूर पक्का आहे तिला पहिली ओळ म्हणू द्या. पेटी नसेल तर मोबाईलवरील तानपुराही चालतो.

सरावासाठी नवे गाणे शोधायला नको. राष्ट्रगीत घ्या. ते बावन्न सेकंदांत संपावे असा नियम आहे, परंतु अनेक शाळांत ते रेंगाळते, आणि शेवटच्या जयघोषाला एकतर किंचाळी होते किंवा आवाजच बसतो. पट्टी पांढरी दोनवर आणा, फरक लगेच दिसेल. १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत झालेले 'जय जय महाराष्ट्र माझा' हेही रोजच्या परिपाठात असते. ते लिहिणारे राजा बढे आपल्या विदर्भातलेच. श्रीनिवास खळे यांनी त्याला चाल दिली आणि शाहीर साबळे यांनी ते गाजवले. साबळ्यांच्या बुलंद आवाजाची नक्कल मात्र मुलांकडून करवून घेऊ नये, लहान गळे त्याने बसतात.

शिकवताना ओळ दोनदा म्हणून दाखवावी. पहिल्या वेळी मुलांनी फक्त ऐकावे. नंतर त्यांनी म्हणावे, आणि ती म्हणत असताना शिक्षकाने गप्प राहून ऐकावे. हे गप्प राहणे आपल्या शिक्षकांना फार जड जाते! परंतु आपण सोबत गात राहिलो तर मुलांचे काय चुकते ते ऐकूच येत नाही. चूक सापडली की पूर्ण गाणे पहिल्यापासून न घेता तेवढेच दोन-चार शब्द घ्यावेत. हाताच्या खुणा तीन पुरेत, सुरुवात, थांबणे आणि हळू. सुरुवातीच्या खुणेबरोबर शिक्षकाने स्वतः मुलांना दिसेल असा श्वास घ्यावा, मग मुलेही एकदम श्वास घेतात आणि एकदम उचलतात. खांदे वर जाऊ नयेत, पोट किंचित फुगावे. लहानांना मोगऱ्याच्या फुलाचा वास घ्यायला सांगितले की हे आपोआप जमते.

ज्याचा सूर लागत नाही अशा मुलाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण इथे खरे नुकसान होते. स्पर्धा जवळ आली की त्याला सांगितले जाते, "तू नुसते ओठ हलव." ते मूल पुढे चाळीस वर्षे मिस्सामध्ये ओठ हलवत उभे राहते. आपल्या बाकांवर असे कितीजण आहेत ते येत्या रविवारी पाहा. अशा मुलाला आधी त्याचा स्वतःचा सूर लावू द्यावा, शिक्षकाने तो पकडावा, आणि मग दोघांनी मिळून हळूहळू वर सरकावे. "हूऽऽ" असा आवाज खालून वर नेण्याचा खेळ घेतला तर वरचा आवाज कुठे आहे हे त्याला सापडते. त्याला सूर पक्का असलेल्या दोन मुलांच्या मध्ये उभे करावे. काही आठवड्यांनी बहुतेक मुले जागेवर येतात, एखाद्याला वर्ष लागते, तर लागू द्यावे. सातवी-आठवीत मुलांचा आवाज फुटतो, तेव्हा त्यांना हसू नये आणि वृंदातून काढूही नये. खालच्या सुरात म्हणू द्यावे, किंवा काही महिने त्यांच्याकडे टाळ, खंजिरी, ढोलकी सोपवावी.

आपल्या शाळांत सर्व धर्मांची मुले शिकतात. चर्चमधील स्तोत्रे चर्चच्या मुलांसाठी वेगळी बसवावीत. शाळेच्या वृंदात निसर्गाची, देशाची, श्रमाची गाणी असावीत. सूर तयार झाला की रविवारच्या मिस्सात तो आपोआप उपयोगी पडतो.

यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. आठवड्यातून तीनदा परिपाठानंतरची पंधरा मिनिटे मुलांसाठी पुरेत. शिक्षकांसाठी महिन्यातून एक शनिवार, दुपारी दोन तास द्यावेत. गावातील भजनी मंडळातील पेटीवाल्या काकांना पट्टी समजावून सांगायला बोलवावे, ते आनंदाने येतील. पहिल्या शनिवारी पेटी उघडायचीही गरज नाही. प्रत्येक शिक्षकाने आपल्याला येणारे एक गाणे आणावे, आईकडून ऐकलेली जात्यावरची ओवी असली तरी चालेल, आणि इतर शिक्षकांना विद्यार्थी समजून ते शिकवावे. गणिताच्या बाईंची पाळी सर्वांत आधी लावावी.