माळा आवरला की बघू

चवथ जवळ आली की सगळ्यांच्या घरी एकच वाक्य ऐकू येते, 'अजून काहीच आवरले नाही!' या आठवड्याच्या अभ्यासाला तोच विषय घेऊया.

आमचे घर सुर्ल्याचे. २०१२ साली खाणी बंद झाल्या, त्याआधी दिवसभर ट्रक चालायचे. सकाळी पुसलेल्या खिडकीवर दुपारी तांबडी धूळ. परत पुसायचे, त्यात कमीपणा वाटत नसे. धूळ गेली आणि आम्हाला नीटनेटकेपणाचे वेड लागले. डबे एकसारखे हवेत, माळा पूर्ण लावल्याशिवाय कुणाला बोलवायचे नाही.

सासूबाईंची इच्छा होती, गुरुवारचा सत्संग एकदा आपल्याकडे व्हावा. आम्ही म्हणायचो, "आई, माळा आवरला की ठेवूया." दोन वर्षे गेली. माळा तसाच, कारण अर्धवट करण्यापेक्षा सवडीने नीट करायचा होता ना! मग त्या पडल्या, अंथरुणाला खिळल्या. एक दिवस म्हणाल्या, "अगो, भजनाला येणारी माणसे माळ्यावर चढणार काय?" त्याच गुरुवारी सत्संग झाला. कोपऱ्यात गाठोडी, खाटेशी औषधे. आईंना उशीला टेकवून बसवले, पण अर्ध्यातच झोप लागली. आरती त्यांना मिळाली नाही. दोन वर्षांपूर्वी त्या टाळ घेऊन बसल्या असत्या.

कर्म करावे, फळ गुरुचरणी ठेवावे, असे आपण म्हणतो. घर आवरताना मात्र लखलखीत कपाट आधी डोळ्यांपुढे येते आणि तेवढे जमणार नाही म्हणून हातच लावत नाही. हा आळस नव्हे, हट्ट आहे.

जपानच्या मारी कोंडो यांची घर आवरण्यावरची पुस्तके जगभर खपली. तिसऱ्या मुलानंतर, २०२३ साली, त्यांनीच सांगितले की टापटिपीचा आग्रह आता बराच सोडलाय, मुलांबरोबरचा वेळ महत्त्वाचा.

लांब कशाला, आपली माटोळी बघा. नारळ, सुपारी, चिबूड, कवंडळ, मिळेल ते बांधतो. एखादे फळ मिळाले नाही म्हणून गणपती थांबत नाहीत. तिथी ठरलेली असते, म्हणून माटोळी होते. आवरण्यालाही तशी वेळ बांधून द्यायची. एकच खण, वीस मिनिटे, मोबाईलवर गजर. ठेवायचे, द्यायचे, टाकायचे. जे ठरत नाही ते तारीख लिहून पिशवीत. गजर वाजला की खण बंद, कसाही असो. पावसात बुरशी धरलेले कपडे पहिले घ्या. आणि नवे डबे आधी आणू नका, आमच्याकडे नऊ रिकामे पडलेत.

येत्या गुरुवारपर्यंत प्रत्येक घरी एक खण. ग्रुपवर नुसते 'झाले' लिहा. फोटो नकोत, फोटो म्हटला की आपण परत डबे सरळ लावत बसणार! आमचा खण औषधांचा.

जय गुरुदेव.