सकुरा काढायला गेलो आणि…

सांगलीत ड्रॉइंग मास्तरकी केली, निवृत्तीनंतर साताऱ्यात आलो. जपानी चित्रांचं एक पुस्तक हाती लागलं आणि चेरीचा बहर, म्हणजे सकुरा, रंगवायचा नाद लागला.

१. मुलांना वर्षानुवर्षं 'चेरीचा बहर' म्हणून दाखवलेलं चित्र प्लमचं निघालं! हिरोशिगेचं, १८५७ सालचं. व्हॅन गॉगनं १८८७ मध्ये ज्याची नक्कल केली तेच. चेरीच्या पाकळीच्या टोकाला खाच असते, प्लमची गोल. एलिमेंटरीच्या पोरांना 'आधी नीट बघा' म्हणून ओरडणारा मीच.

२. बहर म्हणजे नुसती फुलं, असं धरून चाललो होतो. जुन्या चित्रांतल्या रानचेरीला फुलांसोबतच तांबूस पालवी असते. माझ्या फांद्या तोवर रंगवून वाळल्यासुद्धा होत्या.

३. पांढरा रंग लावायचा नसतो, रचायचा असतो. क्योटोच्या चिशाकु-इन देवळात हासेगावा क्यूझोचा सकुरा आहे, १५९२च्या सुमाराचा. शिंपल्यांची पूड सरसात कालवून त्यानं पाकळ्या इतक्या जाड दिल्या, की त्या सोन्याच्या वर्खावर उठून आल्या. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी यानं आपल्या मेलेल्या लहानग्यासाठी बांधलेल्या देवळासाठी ही चित्रं करवून घेतली होती. आणि पुढच्याच वर्षी ऐन पंचविशीत क्यूझोही गेला. बाप तोहाकू मागे उरला. हे कळल्यापासून त्या पाकळ्यांकडे नुसतं तंत्र म्हणून बघता येत नाही. मी पोस्टर कलरचे थर चढवून पाहिले. तिसऱ्या दिवशी पोपडे निघाले.

४. कोरी जागा सोडायला छाती लागते. पार्श्वभूमी न रंगवणाऱ्या पोरांचे मी मार्क कापायचो. शाईच्या जपानी चित्रांत कोरा कागदच धुकं होतो, पाणी होतो. कापलेले मार्क आता कुणाला परत देऊ?

५. न पाहिलेलं झाड हातात उतरत नाही. हे कळलं ते औंधहून परतताना, तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं संग्रहालय पाहून. रस्त्याकडेला काटेसावर फुलली होती. पान एक नाही, फुलाला सकुरासारख्याच पाच पाकळ्या, पण मांसल, लालभडक. सकुराची पाकळी तरंगत उतरते म्हणतात. सावरीचं अख्खं फूल थप्पकन पडतं. एक टोपीवरच पडलं. तिथंच बांधावर बसून काढायला घेतलं.

सावर फेब्रुवारीत फुलते. तिकडून जाणार असाल तर गाडी जरा थांबवा.