जुन्या गाडीची गंजलेली टाकी : रिकामी म्हणून निर्धास्त राहू नका

समजा, रिसोडच्या एखाद्या गॅरेजासमोर सकाळीच एक जुनी जीप ओढून आणली. मालक म्हणतो, "वडिलांच्या वेळची गाडी आहे. बरीच वर्षे ताडपत्रीखाली होती. चालू होते, पण थोडी पुढे गेली की बंद पडते." कारागीर कार्बोरेटर उघडतो, जेट फुंकून साफ करतो आणि गाडी चालू होते. मालक पैसे देऊन जातो आणि तिसऱ्या दिवशी तीच तक्रार घेऊन परत येतो. अशा वेळी खरा दोष बहुधा पेट्रोलच्या टाकीत असतो. टाकीतला गंज सुटून नळीत येतो आणि पुन्हा जेटमध्ये अडकतो. म्हणून आज आम्ही टाकीच्या कामाबद्दल लिहीत आहोत.

हे काम पुढे वाढण्यासारखे आहे. ॲम्बेसेडरचे उत्पादन २०१४ साली उत्तरपाडा येथे थांबले. मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या, चासी, बॉडी व इंजिन फारसे न बदललेल्या खाजगी गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय केली. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये ठरली आणि गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येणार नाही, अशी अटही घातली. एवढा खर्च करणारा हौशी मालक मूळ टाकी वाचवण्यासाठी चांगल्या पत्रेकाम करणाऱ्याचा शोध घेतोच.

टाकी गंजते कशी, हे आधी समजून घ्यावे. अर्धी रिकामी टाकी उन्हाळ्यात दिवसा तापते व रात्री निवते. झाकणातून आत आलेल्या हवेतील दमटपणा पत्र्यावर थेंब होऊन बसतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी जाते आणि तळच आधी कुजतो. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, आणि २०२५ साली देशात त्याचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल पाणी ओढून घेते, जुनी रबरी नळी व वॉशर खराब करते. त्या काळच्या बऱ्याच टाक्यांना आतून शिसे-कथिलाचा मुलामा असे, तोही त्याने झिजतो. म्हणून उभी राहणारी गाडी महिनोन्महिने तसेच पेट्रोल भरून ठेवू नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशाच्या आसपासही पेट घेण्याइतकी निघते, ती हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरते. हवेत ती साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगीने स्फोट होतो. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की आतला भाग सहसा पेट घेत नाही. "रिकामी" टाकी मात्र नेमकी याच मर्यादेत येते. पाण्याने एकदा धुतली, तरी सांध्यात आणि गंजाच्या थरात पेट्रोल दडून राहते व ऊब लागताच बाहेर पडते. म्हणून पेट्रोल भरलेल्या टाकीला, ती कितीही जुनी असो, गॅस वा आर्क वेल्डिंग करू नये, हे आमचे स्पष्ट सांगणे आहे.

कामाचा क्रम असा ठेवावा.

१) बॅटरीचे टोक काढून, उघड्या जागेत पेट्रोल झाकणाच्या डब्यात काढावे. जवळ विडी, शेगडी, चालू ग्राइंडर नको. विलीज जातीच्या जीपमध्ये टाकी चालकाच्या आसनाखालीच असते, हे ध्यानात ठेवावे.

२) टाकी उतरवून गेजचा फ्लोट काढावा. गरम पाणी व साबणाने वारंवार धुवावी. आत छोटी साखळी टाकून हलवावी, म्हणजे सुटा गंज निघतो.

३) लिंबूसत्त्व म्हणजेच सायट्रिक ॲसिड, एका लिटर पाण्यात ५० ते १०० ग्रॅम घालून टाकी भरावी व एक रात्र ठेवावी. तेजाब टाकले की काम लवकर होते, पण ते चांगला पत्राही खाते.

४) धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच उन्हात वाळवावी. ओली राहिली तर काही तासांत पुन्हा तांबूस होते.

५) गंज निघाला की बारीक भोके दिसतात. सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा भरून बाहेरून साबणपाणी लावावे. कंप्रेसर लावू नये, टाकी फुगते. लहान भोकांवर थंड एपॉक्सीचे ठिगळ पुरते. आतून लेप लावायचा तर डब्यावर इथेनॉल चालते असे छापलेलाच घ्यावा.

६) बसवताना नळी, वॉशर नवे घालावे व पंपाआधी फिल्टर लावावा.

मुलामा खरवडताना शिशाची धूळ उडते, म्हणून ओल्या फडक्याने काम करावे व जेवणाआधी हात धुवावेत. सांडलेले पाणी गटारात ओतू नये.

शेवटी व्यवहाराचे. तळ चाळणीसारखा झाला असेल तर ठिगळे मोजत बसू नये. नवी टाकी बनवणे किंवा बदलणेच योग्य, हे मालकाला आधीच सांगावे. गंज निघाल्याशिवाय भोके किती हे कोणालाच कळत नाही, म्हणून अंदाजपत्रक दोन टप्प्यांत द्यावे : एक साफसफाईचा, दुसरा दुरुस्तीचा. दोन्ही कागदावर लिहून मालकाची सही घ्यावी. साफसफाईलाच दोन दिवस जातात, त्याचे पैसे न लाजता मागावेत. ज्या कामात जिवाला धोका आहे ते स्वस्तात करून देण्यापेक्षा नाकारलेले बरे. उस्तादांनी ही गोष्ट शागिर्दांना आजच सांगून ठेवावी, कारण घाईत बर्नर पेटवणारा बहुधा गॅरेजातला सर्वांत लहान मुलगाच असतो.