गॅसचा टँकर आणि रस्त्याकडेचें शेत

हमरस्त्यालगत ज्यांचीं शेतें आहेत त्यांनीं टँकरवरील आंकडे वाचावयास शिकावें, असें आम्हांस वाटतें. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वयें धोक्याचा माल वाहणाऱ्या गाडीवर चार अंकांचा क्रमांक असलेली पाटी लावावी लागते. १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, १००५ अमोनिया, १२०३ पेट्रोल. यांपैकीं १०७५ ची गाडी उलटल्यास विशेष सावध असावें. हा गॅस हवेहून जड. तो वर न जातां उतारानें ओढ्यांत, विहिरींत, उसाच्या सऱ्यांत साचतो, आणि १ लिटर द्रवाचा सुमारें २५० लिटर वायु होतो. २०१२ सालीं केरळांत कण्णूरजवळ चाला येथें असा टँकर उलटून पेटला. २० माणसें दगावलीं.

म्हणून पंपाचें बटण चालूही करूं नये, बंदही करूं नये. वारा जिकडून येतो तिकडे, उंचवट्यावर, माणसें न्यावींत. दोन्ही बाजूंच्या गाड्या दूरवरच थोपवाव्या. आणि लांब गेल्यावरच ११२ वर क्रमांक कळवावा. सांडलेल्या पेट्रोलकडे कळशी घेऊन धांवणाऱ्यांस काय म्हणावें! आंकडा दुरून न दिसल्यास तो वाचण्यासाठींहि जवळ जाऊं नये. टँकरचा रंग व आकार सांगितला तरी पुरे.