रुग्णसेवा : अंथरुणाला खिळलेल्या माणसाची स्वच्छता

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. इतर भिक्खूंना त्याचा उपयोग नव्हता, म्हणून कोणी जवळ जात नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. बुद्धांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून उचलून त्यास मंचकावर निजविले. मलमूत्र काढताना ज्याला किळस येत नाही तो चांगला शुश्रूषक, हेही तेथेच सांगितले आहे.

आज आपल्या परभणी जिल्ह्यातही लकव्याने वा म्हातारपणाने खाटेला खिळलेली माणसे घरोघरी आहेत. त्यांचे हे काम बहुधा सुनेवर किंवा लेकीवर पडते. त्या भिक्खूला धुणारे दोघेही पुरुष होते, हे आम्ही नोकरदार पुरुषांनी ध्यानात घेतले पाहिजे. त्यासाठी काही गोष्टी माहीत असाव्यात.

१) पाणी तोडू नये. अंथरूण भिजेल या लाजेने रुग्ण स्वतःच पाणी टाळतो. त्याने लघवीला जळजळ होते, जंतुसंसर्ग व बद्धकोष्ठता वाढते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. डॉक्टरांनी पाणी मोजून दिले नसेल तर घोटघोट देत राहावे.

२) वेळ बांधावी. दर २-३ तासांनी लघवीचे भांडे द्यावे. जेवणानंतर आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून अर्ध्या तासात शौचाचे भांडे द्यावे. बरेच दिवस शौच न होता पातळ मळ झिरपत असेल, तर आत खडा अडकलेला असू शकतो. जुलाब थांबविण्याचे औषध न देता डॉक्टरांना दाखवावे.

३) गादीवर मेणकापड व त्यावर जुन्या धोतराची घडी घालावी. ओले होताच बदलावे. स्त्रियांना पुढून मागे पुसावे. कातडी चोळू नये, टिपून कोरडी करावी व व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा.

४) दर २ तासांनी कूस बदलावी. माकडहाड, खुबे, टाचा रोज पाहाव्यात. दाबूनही न जाणारा लाल वा काळपट डाग ही जखमेची सुरुवात असते.

५) लघवीची नळी असल्यास पिशवी ओटीपोटाच्या खाली, पण जमिनीला न टेकता ठेवावी. ताप, बरळणे किंवा लघवी बंद होणे दिसताच दवाखाना गाठावा.

आईवडिलांचा निर्वाह २००७ च्या कायद्याने मुलांवर बंधनकारक केला आहे. परंतु कपडे बदलताना दार लोटून घेणे, अंगावर चादर ठेवणे, चारचौघांत त्याची वाच्यता न करणे हे कायद्याने होत नाही. घरातील सर्वांनी पाळ्या वाटून घ्याव्यात. करणाऱ्या बाईला रात्रीची झोप मिळावी, एवढे तरी आपण आजपासून करू या.